फुफ्फुसातील बुरशीवरची गोळी घरात सांभाळताना

वाचकाचे पत्र

माझे सासरे ६१ वर्षांचे आहेत. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि बेदाण्याचे शेडही आहे. मामंजींना बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि नऊ वर्षांपूर्वी टीबी होऊन तो बरा झाला होता. दिवाळीनंतर त्यांच्या खोकल्यातून रक्त पडू लागले, म्हणून मिरजेला दाखवले. सीटी स्कॅन, थुंकीची आणि रक्ताची तपासणी करून डॉक्टरांनी सांगितले, की टीबीमुळे पडलेल्या जुन्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी वाढली आहे. पाच आठवड्यांपासून व्होरिकोनॅझोल २०० मि.ग्रॅ. ही गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. धाकट्या दिरांना गजकर्णासाठी दिलेल्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायच्या होत्या, म्हणून हीही गोळी आम्ही जेवण झाल्याबरोबर देतो. गोळीनंतर त्यांना काही वेळ धूसर आणि फार उजळ दिसते. बागेत जाऊ लागल्यापासून चेहरा आणि हात लाल झाले आहेत. गेल्या आठवड्यात पहाटे त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरत होते. साखर खायला दिल्यावर बरे वाटले. आता रक्त थांबले आहे, म्हणून गोळी बंद करू या, खर्चही फार होतो, असे ते म्हणतात. नात्यातले एक जण काढा सुचवत आहेत. टीबीच्या काही जुन्या गोळ्या घरात शिल्लक आहेत, खोकला वाढला तर त्या द्याव्यात का? माझ्या मुलाने मोबाइलवर वाचले, की या औषधांबरोबर द्राक्षे चालत नाहीत. ते खरे आहे का? मामंजी साखरेसाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, तर कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोरव्हास्टॅटिन घेतात.
– एक सून, तासगाव तालुका

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सर्वांत तातडीची गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून विचारलेलीच नाही. पहाटे घाम सुटणे, हात थरथरणे आणि साखर दिल्यावर बरे वाटणे, हे वर्णन रक्तातील साखर खाली गेल्याचे आहे, आणि त्याचा या नव्या गोळीशी थेट संबंध असण्याची दाट शक्यता आहे. व्होरिकोनॅझोल यकृतातील औषधे मोडणाऱ्या काही विकरांचे (एन्झाइम्सचे) काम मंद करते. त्याच विकरांकडून ग्लिमेपिराइडची विल्हेवाट लागत असल्यामुळे ते रक्तात साचून राहते आणि कालपर्यंत योग्य असलेली तीच मात्रा आज जास्त ठरते. मेटफॉर्मिनचे तसे होत नाही, कारण ते यकृतावर अवलंबून न राहता मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. म्हणून हे उत्तर वाचून झाल्यावर आधी मामंजींच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करावा, पहाटेचा प्रसंग त्यांना सांगावा आणि ग्लिमेपिराइडची मात्रा कमी करायची की ते औषधच बदलायचे, हे त्यांना ठरवू द्यावे.

तोपर्यंत घरी ग्लुकोमीटर असू द्या, आणि काही दिवस सकाळी उपाशीपोटी, रात्री झोपताना व शक्य झाल्यास पहाटे तीनच्या सुमारास साखर मोजून वहीत लिहा. ती ७० च्या खाली आली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि साखर ७० च्या खाली असताना किंवा जेवण होणार नसताना ग्लिमेपिराइडची पुढची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे.

आता मूळ गोळीकडे येतो. दिरांना मिळालेला सल्ला चुकीचा नव्हता, पण तो दुसऱ्या औषधासाठी होता. गजकर्णासाठी बहुधा इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल दिल्या जातात आणि त्या विरघळायला पोटातले अन्न व आम्ल लागते, म्हणून त्या भरल्या पोटी घ्यायच्या असतात. व्होरिकोनॅझोलचे नेमके उलट आहे. स्निग्ध जेवणाबरोबर ते घेतले, तर रक्तात पोचणारे औषध सुमारे पाव हिश्शाने कमी होते. नावांच्या शेवटी दोन्हीकडे ‘कोनॅझोल’ असले, तरी पोटात गेल्यावर या दोन औषधांचे वागणे एकमेकांविरुद्ध आहे, आणि मला वाटते, घराघरांत सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो. तुम्ही पाच आठवडे गोळी जेवणावर दिलीत याचा अपराध मानू नका; रक्त थांबले आहे, म्हणजे औषध लागू पडते आहे. मात्र पुढच्या भेटीत ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण वेळ बदलली की रक्तातली पातळी थोडी वाढेल, आणि ती वाढणार आहे हे त्यांना आधी ठाऊक असलेले बरे.

ही गोळी खाण्याच्या किमान एक तास आधी किंवा एक तास नंतर, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि दोन गोळ्यांत बारा तासांचे अंतर ठेवायचे असते. शेतकरी घराचा दिनक्रम लक्षात घेता मी असे सुचवेन, की सकाळी उठल्यावर सहा वाजता गोळी द्यावी आणि चहा-बिस्कीट, भाकरी जे काही असेल ते सातनंतर द्यावे. संध्याकाळी पाचनंतर काही खायला न देता सहा वाजता दुसरी गोळी द्यावी आणि जेवण सातनंतर करावे. एखादी गोळी राहून गेली, तर आठवताच द्यावी. पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर राहिलेली सोडून द्यावी आणि दोन एकदम कधीही देऊ नयेत. या औषधाचा एक स्वभाव असा आहे, की मात्रा दीडपट केली, म्हणजे २०० ऐवजी ३०० मि.ग्रॅ. दिले, तर रक्तातले औषध दीडपट न होता सुमारे अडीचपट होते, कारण ते निकामी करण्याची यकृताची क्षमता लवकर संपते. त्यामुळे ‘एक जास्त घेतली तर काय होते’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

गोळीनंतर धूसर आणि उजळ दिसणे हा या औषधाचा माहितीतला परिणाम आहे. प्रत्येक पाच रुग्णांपैकी साधारण एकाला तो जाणवतो. काहींना रंग वेगळे दिसतात, काहींना उजेड सहन होत नाही. बहुधा गोळीनंतर अर्ध्या तासात तो सुरू होतो, तासाभरात ओसरतो आणि डोळ्यांचे कायमचे नुकसान सहसा करत नाही. म्हणून घाबरण्याचे कारण नाही, पण सावध राहण्याचे मात्र आहे: संध्याकाळी सहाची गोळी म्हणजे नेमकी तिन्हीसांजेची वेळ, आणि त्या वेळी मामंजींनी मोटारसायकल किंवा ट्रॅक्टर चालवू नये, विहिरीच्या काठाशी जाऊ नये आणि फवारणीचा ब्लोअर चालू असताना त्याच्याजवळही थांबू नये. रात्री गाडी चालवणे उपचार संपेपर्यंत बंदच असावे. औषध चार आठवड्यांपेक्षा जास्त चालते, तेव्हा डोळ्यांची तपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो. मामंजींचा पाचवा आठवडा संपला आहे, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी. धूसरपणा दिवसभर टिकू लागला, किंवा समोर नसलेली माणसे दिसू लागली, नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, तर ‘वय झाले’ म्हणून ते सोडून न देता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. हाही औषधाची पातळी वाढल्याचा परिणाम असू शकतो आणि मात्रा नीट केल्यावर तो जातो.

चेहरा आणि हात लाल होण्याकडे मी अधिक गांभीर्याने पाहतो. व्होरिकोनॅझोल घेणाऱ्याची त्वचा उन्हाला फार हळवी होते, आणि औषध दीर्घकाळ चालू असताना वारंवार त्वचा भाजत राहिली, तर त्वचेचा कर्करोग झाल्याचीही उदाहरणे जगभर नोंदली गेली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडचे ऊन कसे असते, हे तासगावच्या माणसाला मी सांगायला नको, आणि काढणीच्या दिवसांत बागेच्या मालकाला घरी बसवणे किती अवघड असते, याचीही मला कल्पना आहे. तरीही सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी पाचपूर्वी त्यांनी उघड्या उन्हात जाऊ नये, ही माझी आग्रहाची विनंती आहे. जावेच लागले, तर पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, कान आणि मान झाकेल असे उपरणे किंवा रुंद काठाची टोपी असावी आणि उघड्या राहणाऱ्या भागावर किमान ३० एसपीएफचे मलम लावावे. गांधी टोपीने कपाळ थोडेफार झाकते, पण नाक, गाल आणि मान उघडीच राहतात. आत्ताची लाली त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावी. ती वाढत असेल, तर बुरशीवरचे दुसरे औषध निवडता येते का, हा निर्णय छातीचे डॉक्टर घेऊ शकतात.

गोळी बंद करण्याच्या त्यांच्या इच्छेबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण इथे मामंजींना त्यांच्याच बागेतल्या भाषेत समजावता येईल. द्राक्षवेलीवरच्या भुरी या बुरशीच्या रोगावर ते हेक्झाकोनॅझोल किंवा टेब्युकोनॅझोल फवारत असतील. ही औषधे आणि त्यांची गोळी एकाच रासायनिक घराण्यातली आहेत. बुरशीच्या पेशीभोवतीचे आवरण एर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थावाचून नीट बनत नाही, आणि हे घराणे तो पदार्थ तयार होण्याची वाटच अडवते. वेलीवरची भुरी असो की फुफ्फुसातली बुरशी, घाव त्याच जागी बसतो. आता कमी मात्रेची फवारणी केली, मधल्या फवारण्या चुकवल्या किंवा वर्षानुवर्षे तेच औषध मारले, तर भुरी त्या औषधाला दाद देईनाशी होते, हे कोणताही बागायतदार स्वानुभवाने सांगेल. पोकळीतल्या बुरशीचेही तसेच होते. वरवरची वाढ दबली, रक्त थांबले, वजन भरू लागले, तरी पोकळीच्या भिंतीला चिकटून राहिलेली बुरशी गोळी थांबताच पुन्हा डोके वर काढते, आणि अर्धवट मात्रेत तगलेली बुरशी अधिक चिवट निघण्याचा धोका असतो.

हे साम्य केवळ दृष्टान्तापुरते नाही. शेतात वापरल्या जाणाऱ्या याच गटातील औषधांमुळे मातीतली आणि हवेतली अ‍ॅस्परजिलस बुरशी रुग्णांच्या औषधांना निर्ढावल्याचे नेदरलँड्समध्ये प्रथम लक्षात आले आणि पुढे भारतातूनही तशी बुरशी नोंदवली गेली. मामंजींची बुरशी तशी आहे असे मी मुळीच म्हणत नाही, उलट त्यांना मिळालेला आराम ती औषधाला दाद देत असल्याचेच सुचवतो. परंतु ते स्वतः बागेत फवारणी करतात ही माहिती त्यांच्या डॉक्टरांकडे असावी, म्हणजे पुढे कधी सुधारणा थांबली, तर ही शक्यता त्यांच्या नजरेसमोर राहील. यापुढे फवारणी मात्र दुसऱ्या कुणीतरी करावी.

या आजारात गोळ्या सहसा किमान सहा महिने चालतात, आणि कित्येकांना त्याहून अधिक काळ लागतात. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतील डॉक्टरांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इट्राकोनॅझोल बारा महिने घेतलेल्या रुग्णांमध्ये आजार उलटण्याचे प्रमाण सहा महिने घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. तो अभ्यास दुसऱ्या औषधाचा असला, तरी आजार हाच होता, आणि पाच आठवड्यांत थांबणे किती घाईचे ठरेल, हे त्यावरून कळते. खर्चाची अडचण मला पूर्ण मान्य आहे. एका घराचे बजेट या गोळ्या कसे ओढून नेतात, ते मी पाहिले आहे. त्यासाठी गोळ्या कमी करण्याऐवजी डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, की हेच औषध याच मात्रेत कमी किमतीच्या कंपनीचे मिळेल का, किंवा याच आजारासाठी पुष्कळ ठिकाणी आधी वापरले जाणारे आणि तुलनेने स्वस्त असलेले इट्राकोनॅझोल मामंजींना चालेल का. हे विचारण्यात कसलाही कमीपणा नाही. ‘परवडत नाही’ हे वेळेवर कळले, तर डॉक्टर काही मार्ग काढू शकतात. रुग्णाने गुपचूप गोळ्या अर्ध्यावर आणल्या, तर त्यांच्या हाती काहीच उरत नाही.

टीबीच्या शिल्लक गोळ्या मात्र कोणत्याही परिस्थितीत देऊ नका, आणि हे वाक्य घरातल्या सर्वांना वाचून दाखवा. त्यांत रिफाम्पिसिन असण्याची शक्यता मोठी आहे, आणि रिफाम्पिसिन यकृताला इतके वेगाने कामाला लावते, की व्होरिकोनॅझोल रक्तात जवळपास उरतच नाही. म्हणून ही दोन औषधे एकत्र देणे निषिद्ध मानले आहे. टीबी परत आल्याची शंका असेल, तर थुंकी तपासून डॉक्टरच उपचारांची नवी मांडणी करतील. त्या गोळ्या आजच घरातून काढून सरकारी दवाखान्यात नेऊन द्या.

काढ्याबद्दल माझे मत सुचवणाऱ्याच्या हेतूविषयी नाही. त्यात कोणत्या वनस्पती किती प्रमाणात आहेत हे कुणालाही सांगता येत नाही, आणि ज्या यकृतावर आधीच या गोळीचा ताण आहे, त्याच्यावर आणखी एक अज्ञात ओझे टाकणे मला मान्य नाही. उद्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसले, तर दोष गोळीचा की काढ्याचा, हे ठरवणे अशक्य होईल आणि कदाचित चांगली लागू पडलेली गोळीच थांबवावी लागेल.

अ‍ॅटोरव्हास्टॅटिनही ग्लिमेपिराइडप्रमाणेच या गोळीमुळे रक्तात वाढते. मांड्या-दंडांचे स्नायू दुखू लागले, जिना चढताना पायांत बळ राहिले नाही किंवा लघवी गडद झाली, तर लगेच कळवावे. तसे काही नसले, तरी हे औषध चालू आहे याची आठवण पुढच्या भेटीत द्यावी, कारण त्याला पर्याय आहेत. डॉक्टरांकडे जाताना मामंजी जे काही घेतात ते सगळे एका पिशवीत घालून न्या: अंगदुखीच्या गोळ्या, झोपेची गोळी, पित्ताची कॅप्सूल, दम्याचा पंपसुद्धा. ‘दुसरे काही नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णांच्या खिशातून शेवटी पंप किंवा दुखण्याची गोळी निघाल्याचे मी इतक्यांदा पाहिले आहे, की आता मी पिशवी पाहिल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अल्प्राझोलाम, ओमेप्राझोल आणि श्वासावाटे घ्यायचे काही स्टेरॉइड, या सर्वांची पातळी व्होरिकोनॅझोलमुळे वाढते. काही अँटिबायोटिक्सची त्याच्याशी सांगड बसली, तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे साध्या तापासाठी गेलात, तरी आधी ‘यांना व्होरिकोनॅझोल चालू आहे’ हे सांगायचे, आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने गोळी आणायची नाही.

यकृताची तपासणी उपचारांच्या सुरुवातीला, मग पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि पुढे दर महिन्याला करण्याची पद्धत आहे. तुमच्या पत्रात या तपासण्यांचा उल्लेख नाही, म्हणून त्या झाल्या आहेत का ते कागदांत पाहा. त्याबरोबर रक्तातील पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहणेही योग्य ठरेल. आणखी एक तपासणी डॉक्टरांना विचारण्यासारखी आहे, ती म्हणजे रक्तातील व्होरिकोनॅझोलची पातळी. जन्मजात रचनेमुळे काहींचे यकृत हे औषध फार हळू निकामी करते तर काहींचे फार भराभर. त्यामुळे एकाच गोळीने एका रुग्णात पातळी अपुरी राहते आणि दुसऱ्यात विषारी होते. पुढची गोळी देण्याच्या अगदी आधी रक्त घेऊन ही पातळी मोजतात आणि ती साधारण १ ते ५.५ मि.ग्रॅ. प्रति लिटर या दरम्यान असावी असे मानतात. गोळीची वेळ बदलल्यानंतर आठवडाभराने ही तपासणी केली, तर तिच्यातून नेमके उत्तर मिळेल. नमुना बाहेरगावी पाठवावा लागला, तरी मामंजींच्या बाबतीत तो खर्च सार्थकी लागेल, असे मला वाटते.

डोळे पिवळे दिसणे, लघवी चहासारखी होणे, अंगाला खाज सुटणे, जेवणावरची वासना उडणे किंवा सतत मळमळणे, यांपैकी काहीही झाले, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. छातीत धडधड होऊन चक्कर आली, अंगावर फोड उठले, किंवा खोकल्यातून पुन्हा रक्त आले, तर वाट पाहू नये. रक्त चमचाभरापेक्षा जास्त असेल, तर रात्र असली तरी गाडी काढून मिरज किंवा सांगली गाठावी.

शेडबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण तेही सांगायला हवे. ही बुरशी माणसाकडून माणसाकडे जात नाही. ती कुजका पालापाचोळा, शेणखत, ओलसर कडबा आणि साठवलेला माल यांवर वाढते आणि तिचे बीज धुळीबरोबर श्वासात जाते. त्यामुळे घरातल्या लहान मुलांना मामंजींपासून दूर ठेवण्याची गरज नाही, परंतु मामंजींना शेडमधली झाडलोट, शेणखत ओढणे आणि कडबा हलवणे यांपासून दूर ठेवण्याची गरज निश्चित आहे. शेडमध्ये हिशेबासाठी उभे राहावेच लागले, तर एन-९५ मास्क नीट बसवून जावे. घराच्या भिंतीला ओल येऊन काळे डाग पडले असतील, तर त्या खोलीत त्यांचे अंथरूण नसावे.

शेवटी तुमच्या मुलाच्या प्रश्नाबद्दल. मोबाइलवर त्याने वाचलेला शब्द बहुधा ग्रेपफ्रूट असावा. ते फळ द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या जवळच्या कुळातले आहे, आणि त्याच्या रसामुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिनसारख्या काही औषधांची पातळी वाढते. म्हणून ग्रेपफ्रूट आणि पपनस मामंजींनी टाळावे. आपल्या बागेतल्या द्राक्षांना या गोळीचा काही अडसर नाही. मधुमेहामुळे ती एका वेळी दहा-बारा मण्यांच्या वर नसावीत, स्वच्छ धुतलेली असावीत, आणि गोळीनंतर तासभर थांबून खावीत, एवढेच पथ्य पुरे.